गारांची गाडी आणि एसी केबिन

जाळी खाली आली आणि काचेच्या चार बोटं अलीकडेच अडकली.

मी ती वर ढकलली, पुन्हा सोडली. खट्. परत तिथेच. माझ्या मागे अर्बाब उभा होता. अर्बाब म्हणजे मालक, आमच्या वर्कशॉपचा ओमानी मालक हमद. त्याच्या शेजारी गाडीवाला सलीमभाई, बोटात किल्ली फिरवत. आणि गाडीच्या पलीकडे, हाताची घडी घालून, शर्टावर ग्रीसचा एक ठिपका नाही असा केदार. त्याचा तो इस्त्रीचा शर्ट बघितला आणि माझं डोकंच फिरलं.

"परब, ये क्या है?" अर्बाब म्हणाला.

काय सांगू? ती जाळी माझी होती. ती ज्याच्यावर अडकली होती ते झाकण केदारचं होतं. आणि आम्ही दोघं कित्येक दिवसांत एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो.

मी दिलीप परब, मूळचा कुडाळचा. मस्कतला बौशरमध्ये एका वर्कशॉपात बॉडीशॉपचा फोरमन आहे. बॉडीशॉप म्हणजे इंजिन सोडून बाकीची गाडी. पत्रा, पोचे, वेल्डिंग, रंग. या शेडमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. उन्हाळ्यात शेडचा पत्रा असा तापतो की पंखा लावला तर गरम वाराच अंगावर येतो. पन्नाशी गाठली आणि मला एकच गोष्ट दिसायला लागली. एसी केबिन. स्वतःची खुर्ची, काचेचं दार, आणि दारावर 'इन्चार्ज'.

ती केबिन समोर चालून आली ती सलीमभाईच्या गाडीमुळे.

सलीमभाई कुरुमला एका ऑफिसात नोकरी करतो. सुट्टी मिळाली की वादळाच्या मागे जातो. होय, मागे! इथे पाऊस बघायला लोक सहकुटुंब गाड्या काढतात, ते मला माहीत होतं. पण हा गडी डोंगरावर काळे ढग उभे राहिले की त्यांच्या पोटाखाली जाऊन थांबतो आणि व्हिडिओ काढतो. त्या व्हिडिओंना बघणारे भरपूर. मागच्या खेपेला त्याच्या जपानी फोर-व्हीलवर गारा पडल्या. गाडी टो करून आणली तेव्हा बॉनेट ठोक्याच्या पातेल्यासारखं झालं होतं, पुढची काच तडकून पांढरी पडली होती, आणि बाजूची एक काच तर जागेवरच नव्हती. वाऱ्याने कुठूनसा पत्र्याचा तुकडाही आणून दाराला मारला होता.

"नया काच डालो," सलीमभाई म्हणाला, "लेकिन ऐसा करो कि फिर टूटे नहीं. मैं तो फिर जाएगा."

अर्बाबने मला आणि केदारला बोलावलं. या गाडीचा बंदोबस्त नीट झाला तर असल्या हौशी लोकांच्या गाड्यांसाठी तो वेगळं सेक्शन काढणार होता. डोंगरात, वाळवंटात जाणाऱ्या गाड्यांना संरक्षण लावायचं सेक्शन. "दोनों मिलके करो. जिसका काम अच्छा, वो इन्चार्ज. कोनेवाला केबिन उसका."

मिळून करा, आणि वर स्पर्धा! मालकांना असलं बरं सुचतं.

आता हा केदार कोण, ते सांगतो. पुण्याचा. वय असेल तीस-पस्तीस. आमच्याकडे येऊन वर्षही झालं नव्हतं. गाडीच्या रंगावर पारदर्शक फिल्म चढवायचं काम करतो. दुबईत त्याचा कोर्स केलाय, आणि तसं तो बोलण्याच्या ओघात दर वेळी सांगतो. शेडमधली पोरं त्याला 'केदार सर' म्हणतात. मला कोणी कधी सर म्हटलं नाही. गिऱ्हाईक आलं की केदारसाठी कॉफी येते, माझ्यासाठी पाना. बरं, इतकं होऊनही मी गप्प होतो. पण एकदा गिऱ्हाइकासमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो कसा, "काका, हे तुमच्या जुन्या पद्धतीने नको करूया."

काका! अरे, मी काय तुझ्या बापाचा भाऊ? त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं. आणि तोही पुण्याचा, काय झालं हे विचारायलाही आला नाही.

घरी तर त्याहून वाईट. आम्ही वादी अदाईला राहतो. एकदा आमच्या मराठी मंडळींचं एकाच्या घरी जेवण होतं. तिथे केदारने गाणं म्हटलं, बायकांना ताटं उचलू लागला, पोरांना जादू करून दाखवली. परतताना माझी बायको सुषमा म्हणते, "किती बरो आसा ओ तो. तुमच्याच कंपनीत ना? कधी बोललास नाय ता." मागच्या सीटवरून लेक सई म्हणाली, "बाबा, केदार अंकल इज सो कूल. ते... ते तुमचे बॉस आहेत का?"

मी रेडिओचा आवाज वाढवला. जळत होतो, सरळ सांगतो. लोक याला मानसन्मान, तत्त्व असलं काय काय म्हणतात. मी जळत होतो.

तर काम सुरू झालं. पण बोलायचं कसं? मधे सापडला बिजू. बिजू आमचा स्टोअरकीपर, केरळचा. स्टोअर आमच्या दोघांच्या बेंच्या, म्हणजे गाडी उभी करून काम करायच्या जागांच्या, मधोमध, म्हणून सगळे त्याच्या खिडकीवरूनच जाणार. मी त्याला म्हणायचो, "बिजू, उसको बोल, दोपहर के बाद गाडी ले जाए." तिकडून निरोप यायचा, "केदार सर बोला, छत पे वेल्डिंग का छींटा नहीं गिरना चाहिए." दोन मराठी माणसं, मधे एक मल्याळी, आणि भाषा हिंदी. बिजू आनंदाने ये-जा करायचा. निरोपासोबत दोन्हीकडचा चहा प्यायचा.

कामाची वाटणी अशी. गारपीट आली की पळत सुटायचं नसतं. गाडी थांबवून तिचं नाक वाऱ्याकडे करून उभी करायची. कारण पुढची काच दोन थरांची असते, मधे प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. ती तडकते, पण आत कोसळत नाही. बाजूच्या काचा एका थराच्या, फुटल्या की भुगा. म्हणजे मार पुढच्या काचेने खायचा, म्हणून तिला जास्त जपायचं. ते माझ्याकडे. बाजूच्या काचांवर पॉलीकार्बोनेटच्या पारदर्शक शीट आणि रंगावर फिल्म हे केदारकडे. पॉलीकार्बोनेट म्हणजे प्लास्टिकच, पण हातोडा मारला तरी सहसा न फुटणारं.

मी चौकोनी पाइपची फ्रेम केली. तिच्यात लोखंडी जाळी. भोकं एवढी की लिंबू आरपार जाणार नाही. त्याहून बारीक गारा गेल्या तर जाऊ देत, त्यांनी काच फुटत नाही. फ्रेम छताच्या कॅरियरला बिजागऱ्यांवर टांगली. एरवी ती छतावर उलटी निजलेली. गारा आल्या की सलीमभाईने ओढायची, ती काचेसमोर पडते, खाली दोन क्लिपा अडकवायच्या, आणि आत जाऊन बसायचं.

आणि बसवली कशी? काचेच्या कडेला रबर लावून घट्ट! एका बाजूला उभं राहून बघितलं तर फटीतून उजेड दिसणार नाही अशी. बॉडीशॉपवाल्याला फट म्हणजे पाप. दार आणि चाकावरचा पत्रा यांच्यामध्ये जरा जास्त गॅप दिसली तर गिऱ्हाईक गाडी परत आणतं. आम्ही उभं आयुष्य गॅप मोजण्यात घालवतो. ती जाळी काचेवर अशी बसली होती की मीच दोनदा मागे जाऊन बघून आलो.

तेवढ्यात बिजू आला. "परब भाई, सलीम भाई फोन पे बोला, जाली और काच के बीच में थोडा जगह रखो."

"सलीम भाई बोला, या तेरा केदार सर बोला?"

"सलीम भाई. माँ कसम."

मी हसलो. मला काय कळत नाही? हे केदारचं डोकं. परबच्या जाळीत फट राहू दे, मग अर्बाबसमोर बोट दाखवू, काकांचं काम बघा कसं ढिलं आहे. मी बिजूला म्हटलं, "उसको बोल, जगह उसके दिमाग में रखे."

बिजूने मान हलवली. ती मल्याळी मान. हो की नाही ते समजत नाही. मग तो तिकडे गेला. तिकडे काय झालं ते मला नंतर कळलं.

गाडी द्यायच्या दिवशी सकाळी ती केदारच्या बेमधून बाहेर आली. फिल्म अशी चकाकत होती की मला राग आला. आणि काचेच्या पायथ्याशी, वायपर जिथे निजतात तिथे, एक नवीन वस्तू. जाड पारदर्शक झाकण, चार बोटं उंच. वायपरना गारा लागू नयेत म्हणून. हुशारीच होती, नाही म्हणत नाही. पण मला कोणी सांगितलं नव्हतं. मी कोणाला सांगितलं होतं म्हणा!

मग अर्बाब आला, सलीमभाई आला, मी ऐटीत जाळी सोडली, आणि खट्.

"बिजू," मी ओरडलो, "इसको पूछ, ये डब्बा किससे पूछ के लगाया?"

"बिजू," केदार शांतपणे म्हणाला, "इनको बोल, फ्रेम की हाइट किसी को बताई थी क्या?"

बिजू आमच्या मधे उभा, एकदा इकडे मान, एकदा तिकडे. अर्बाब एकदम खेकसला, "बस! तुम दोनों एक मुल्क का, एक जबान का, और बीच में बिजू? पागल है क्या?"

मग मात्र आमची मराठी सुटली. किती दिवसांची तुंबलेली.

"तुझं झाकण काप आधी!"

"मी का कापू? तुमची फ्रेम ग्राइंड करा ना, काका!"

"काका म्हणू नकोस मला! सांगून ठेवतो!"

"मग काय म्हणू? सांगा तरी एकदा!"

दादा म्हण असं आता या वयात मी सांगणार होतो का?

सलीमभाई इतका वेळ खाली वाकून जाळी आणि काच यांच्यामध्ये बोटं घालून बघत होता. तो उठला. चेहरा खुललेला. "माशाल्ला! जगह रखा! मैं यही बोला था. ब्राव्हो!"

मी केदारकडे पाहिलं, केदारने माझ्याकडे. क्षणापूर्वी जी फट कोणाचीच नव्हती ती आता दोघांना हवीशी झाली.

"हाँ, मतलब, सोच के ही रखा," मी म्हणालो.

"झाकण त्याच हिशेबाने डिझाइन केलंय," केदार म्हणाला. मग अर्बाबला कळावं म्हणून तेच हिंदीत सांगितलं.

काय निगरगट्ट माणूस! आताच तर तो माझी फ्रेम ग्राइंड करायला सांगत होता. मी मनातल्या मनात त्याला अशा शिव्या हासडल्या की कुडाळच्या बाजारातही कोणी देत नसेल.

"नीचे जगह है, ऊपर नहीं है," सलीमभाई म्हणाला. खरंच. खाली चार बोटं, वर बिजागरीपाशी जाळी काचेला टेकलेली. "ऊपर भी उतना उठाओ. जल्दी. आज पहाड पे बादल बन रहा है." त्याने मोबाइलवर नकाशा दाखवला, त्यावर लाल डाग.

"यल्ला, चलो," अर्बाब म्हणाला.

बिजागऱ्यांखाली घालायला काहीतरी हवं होतं. मी शोधायला वळेपर्यंत बिजू स्टोअरमधून रबराचे ठोकळे घेऊन आला. जाड, चौकोनी, नीट कापलेले, मधे बोल्टचं भोक पाडलेले. चार बिजागरीसाठी, दोन खालच्या कोपऱ्यांसाठी. त्या घाईत मला हे विचारायचं सुचलं नाही की ठोकळे तयार कसे. मी बोल्ट सोडले, केदारने फ्रेम धरली. त्याचा शर्ट मळला. मला बरं वाटलं.

सलीमभाई गेला. दुपारी बौशरमध्ये ऊन रखरखीत होतं, पण डोंगराच्या बाजूला ढगांचे मनोरे चढत होते. मी सारखा शेडच्या दारात. थोड्या वेळाने बघतो तर केदारही दारात. देवाकडे काय मागायचं तेच मला समजेना. केदारचं झाकण फुटू दे, माझी जाळी टिकू दे, पण गाडी तर एकच! झाकण फुटलं तर त्यावर टेकलेली जाळीही हलणार. शेवटी मी म्हटलं, देवा, सलीमभाई धड परत येऊ दे, बाकी तू बघ. मनापासून म्हटलं की नाही, ते विचारू नका.

संध्याकाळच्या आत त्याचा व्हिडिओ आला. बिजूच्या मोबाइलवर. का त्याच्याच मोबाइलवर, तेही मला तेव्हा खटकलं नाही. पडद्यावर आधी पाऊस, मग पांढरे गोटे. आवाज असा की पत्र्यावर कोणी खडीचा ट्रक खाली करतंय. जाळी प्रत्येक गारेला आत दबत होती आणि परत उसळत होती. दबत होती, काचेला शिवत नव्हती. मधेच वाऱ्याबरोबर खजुरीची अख्खी झावळी येऊन जाळीवर आपटली आणि बाजूला गेली. सलीमभाई आत हसत होता आणि सारखा "बरद! बरद!" करत होता. बरद म्हणजे गारा.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. पुढची काच अखंड. बाजूच्या काचा अखंड, केदारच्या शीटवर फक्त पांढरे डाग. त्याच्या झाकणाला मधोमध चीर गेली होती, पण वायपर शाबूत. बॉनेटवर पोचे होते. फिल्मने ओरखडे वाचतात, पोचे वाचत नाहीत, हे मी सगळ्यांना ऐकू जाईल असं दोन-तीनदा म्हणालो.

मग मी माझ्या जाळीपाशी गेलो. एका जागी ती आत वाकून तशीच राहिली होती. मी त्या खळग्यात बोटं घातली. तीन बोटं मावली.

तीन. आणि जागा होती चार बोटांची.

म्हणजे जाळी मला हवी होती तशी बसली असती, रबर लावून, फटीतून उजेड न येणारी, तर ती प्रत्येक गारेसरशी काचेत घुसली असती. गार काचेला लागली नसती, माझं लोखंड लागलं असतं. सलीमभाई आत बसलेला, समोर तोंड करून. केदार शेजारी उभा होता. त्यानेही बोटं घालून पाहिली. काही बोलला नाही. त्याबद्दल त्याचे आभार मानायला हवे होते, पण मानले नाहीत.

अर्बाबने आम्हां दोघांना बोलावलं. बिजूलाही. सलीमभाई आधीच बसला होता.

"ये जगह किसका आयडिया?" अर्बाबने विचारलं.

"मेरा," मी आणि केदार एकदमच म्हणालो.

"अच्छा. कितना रखना, किसने सोचा? और रबर किसने काटा?"

मी घसा खाकरला. केदारने कॉलर सरळ केली.

"अर्बाब," बिजू म्हणाला, "सलीम भाई मेरे को बोला था, उसके दोस्त का जाली काच को चिपका था, गारा पडा तो जाली ने ही काच तोड दिया. मैं परब भाई को बोला. परब भाई समझा केदार सर भेजा. मैं केदार सर को बोला. केदार सर समझा परब भाई भेजा. दोनों ने मेरे को भगा दिया."

केदारने झटकन माझ्याकडे पाहिलं. म्हणजे त्यालाही तेच वाटलं होतं! त्याला वाटलं होतं मी त्याला शेंडी लावतोय.

"फिर?"

"फिर केदार सर वायपर का ढक्कन बनाने को शीट लेने आया. कितना ऊँचा, मैंने पूछा. चार उँगली बोला. परब भाई का फ्रेम का नाप मेरे पास था. मैं समझ गया, जाली नीचे बैठेगा नहीं, अटकेगा. अच्छा है, जगह अपने आप हो जाएगा. बस ऊपर के लिए रबर काट के रखा."

"हमें क्यों नहीं बताया?" केदार ओरडला.

"बताता तो आप ढक्कन छोटा करता, परब भाई फ्रेम छोटा करता." बिजूने ती मान हलवली. "दोनों को काटने का शौक है."

सलीमभाई खो खो हसला. अर्बाब हसला नाही. तो उठला, कोपऱ्यातल्या केबिनची किल्ली काढली आणि बिजूसमोर ठेवली. "पूरा गाडी किसके दिमाग में था? इसके. तुम दोनों के दिमाग में आधा-आधा था. खलास."

बस. एवढंच. वेल्डिंग माझं, शीट केदारची, खुर्ची बिजूची. स्टोअरकीपरची!

त्या दिवशी घरी गेलो तर सुषमा म्हणाली, "तुमका काय झालां? जेवणात लक्ष खंय आसा?" मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बिजू? तो तर बरो माणूस आसा. माका दर वेळी विचारता, भाभी कैसा है." आता हा माझ्या घरापर्यंत पोचला होता!

सेक्शन जोरात चाललं आहे. गारांच्या गाड्या कमी, पण वादीतून म्हणजे कोरड्या नदीच्या पात्रातून गाड्या पळवणारे पुष्कळ, त्यांना दगडगोट्यांपासून वाचवायचं काम भरपूर मिळतं. आता कामाआधी मी आणि केदार गाडीभोवती उभे राहून मराठीत सगळं बोलून घेतो. माप, उंची, जागा, सगळं. निरोप्या नको म्हणजे नकोच. या धंद्यात शिकण्यासारखी एक गोष्ट सांगतो. ज्याच्याशी पटत नाही त्याच्याशी भांडा, खुशाल भांडा, पण स्वतः समोरासमोर भांडा. मधे माणूस ठेवलात तर तुमचं दोघांचं काम त्याला येतं आणि तुमच्यापैकी एकालाही दुसऱ्याचं येत नाही.

दुपारी चहाच्या वेळी आम्ही दोघं शेडच्या दारात उभे राहतो. समोर कोपऱ्यातल्या केबिनचं काचेचं दार. आत बिजू एसीत, पाय पसरून, फोनवर हसत असतो. केदार कपाळावरचा घाम पुसतो आणि म्हणतो, "बघा, बघा कसा बसलाय."

"बघतोय," मी म्हणतो. "मेल्याने ब्लँकेट आणलंय आता. थंडी वाजते म्हणे."